काळ्या दगडाची न्हाणी

शेणाने सारवलेल्या जमिनीवर पाणी साचले की सारवण सुटते आणि मातीची भिंत पायापासून ओल धरते. त्यामुळे महाराष्ट्रातल्या साध्या घरात दगडी फरशी सर्वांत आधी पोहोचली ती आंघोळीच्या जागी. ओसरी, माजघर, स्वयंपाकघर सारवलेले राही. तेवढा एक कोपरा काळ्या फत्तराचा असे. गडद फरशी, लाकूड आणि तांबे यांचा जो मेळ आज आधुनिक स्नानगृहाची खूण मानला जातो, तो देशावर आणि कोकणात गरजेतून जमलेला होता.

या जागेला दोन नावे आहेत आणि दोन्ही अर्थपूर्ण आहेत. न्हाणी किंवा न्हाणीघर हे नाव आंघोळीवरून पडले. मोरी मात्र मुळात सांडपाण्याची वाट. रस्त्याखालून पाणी काढून देणाऱ्या नळालाही मोरीच म्हणतात. पाणी कसे बाहेर जाईल हाच या जागेच्या रचनेतला पहिला प्रश्न होता, हे त्या नावातच दिसते.

दगड परका नव्हता. दख्खनचे पठार सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचे आहे आणि त्या लाव्ह्याचा काळा बेसाल्ट, म्हणजेच लोकांच्या तोंडचा काळा पाषाण, गावोगावच्या खाणीत मिळे. घट्ट बांध्याचा बेसाल्ट पाणी फारसे शोषत नाही. मोरीत आंघोळीबरोबर भांडीही घासली जात. तांब्या-पितळेला चिंच लावली तरी या दगडावर तिचा डाग पडत नसे. पाथरवट दगड घडवताना वरचा चेहरा मुद्दाम घोटत नसत. टाकीचे बारीक घाव तसेच ठेवलेले असत, म्हणजे ओला पाय घसरत नाही. दगडांमधल्या दरजा चुन्याने भरत. त्यात विटांची भुकटी, म्हणजे सुरखी, मिसळली की तो चुना ओलाव्यातही घट्ट होतो. सगळ्या फरशीला एका कोपऱ्याकडे ढाळ असे. या कामाचा खरा कस त्या ढाळात होता. दगड कितीही देखणा असला तरी ढाळ चुकलेल्या मोरीत पाणी तुंबते, शेवाळ धरते आणि दरजा उखडतात.

दगडावर लाकडी पाट आणि बाजूला तांब्याचा बंब. बंबाच्या मधोमध विस्तवाचे नळकांडे असते, त्याभोवती पाणी. वरून गार पाणी ओतावे आणि खालच्या तोटीतून कढत घ्यावे. ढलप्या, गोवऱ्या, कोळसा, नारळाची सोडणे, हाताशी असेल ते जळण त्यात चाले. पुण्याच्या कसबा पेठेतल्या तांबट आळीत ही भांडी ठोकून घडवली जात. ठोक्यांनी उमटलेली नक्षी शोभेची वाटते, पण त्या ठोक्यांनीच तांब्याचा पत्रा कडक होतो. घंगाळात पाणी विसणावे, वजरीने टाचा घासाव्यात, शिकेकाईने केस धुवावेत. नरक चतुर्दशीच्या पहाटे पाटाभोवती रांगोळी निघे आणि पणतीच्या उजेडात उटण्याचा वास त्या ओल्या दगडावर रेंगाळे. वर्षभर कामापुरती असलेली ही जागा त्या एका पहाटे घराचे केंद्र होई.

कोकणात रचना थोडी वेगळी. तिथला जांभा सच्छिद्र, पाणी पिणारा. त्यामुळे भिंत जांभ्याची असली तरी पायाखाली घट्ट दगड लागे. न्हाणी बहुधा परसात, विहिरीच्या बाजूला. चुलाणावर पाण्याचा हंडा कायमचा बसवलेला असे आणि सांडपाणी पाटाने अळू, केळी, माडाच्या बुंध्याशी जाई. शिकेकाईचे पाणी झाडांना सोसत असे. साबणाचा वापर वाढल्यावर हा सोपा हिशेब बिघडला.

घडीव बेसाल्ट मेहनतीचा, म्हणून महाग. त्याची मक्तेदारी रेल्वेने मोडली. सोलापूरहून पुढे गेलेला मार्ग 1871 मध्ये रायचूरला पोहोचला आणि वाटेवरच्या, तेव्हा निजामाच्या मुलखात असलेल्या शहाबादचा चुनखडक मुंबई-पुण्याला येणे सोपे झाले. हा दगड थरांनी निघतो, त्यामुळे त्याच्या सपाट लाद्या फारशा घडवाव्या लागत नाहीत. करडी शहाबादी फरशी मोरीत आणि अंगणात सर्वत्र गेली. आंध्रातल्या कडप्प्याचा काळा दगड कडाप्पा या नावाने मोरीच्या कट्ट्यावर आणि ओट्यावर बसला. दोन्ही दगड चुनखडीचे. त्यांच्यावर लिंबू, चिंच किंवा ॲसिड पडले की पांढुरका डाग उमटतो. बेसाल्टची ही निर्धास्ती त्यांच्यात नाही.

काळ्या रंगाची प्रतिष्ठा गेली ती रोगराईनंतर. 1896 मध्ये मुंबईत प्लेग आला आणि 1898 मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. हवा, उजेड आणि सांडपाणी यांना घरबांधणीत अधिक वजन आले. 1920 च्या दशकातल्या बीडीडी चाळींत सुमारे 160 चौरस फुटांच्या खोलीत मोरी आली, शौचालये मात्र सामायिक राहिली. मळ लगेच दिसावा म्हणून पांढरा रंग आरोग्याचा ठरला. श्रीमंतांकडे विलायती पांढऱ्या चकचकीत टाइल आल्या. 1922 मध्ये फिरोजशा आणि रुस्तम सिधवा यांनी भारत टाइल्स सुरू केली आणि देशी सिमेंटच्या नक्षीदार लाद्या घरांच्या जमिनीवर दिसू लागल्या. सामान्य घरात कोबा झाला. पुढच्या दोन पिढ्यांना काळी मोरी म्हणजे अंधारी, ओलसर, जुन्या घरातली अडचण वाटू लागली. त्या समजुतीत तथ्य होते, पण दोष दगडाचा कमी आणि खिडकी नसण्याचा जास्त होता.

गेल्या काही दशकांत गडद रंग परतला. गुजरातमधल्या मोरबीच्या कारखान्यांत टाइलवर बेसाल्टचा आणि पाटीच्या दगडाचा पोत हुबेहूब छापला जातो. खरा कडाप्पा आणि कोटा दगडही पुन्हा मागितला जातो. जुने कारागीर जे टाकीने साधत, ते आता खरखरीत, बिनचकाकीच्या पृष्ठभागाने साधावे लागते. बोअरवेलच्या जड पाण्याचे पांढरे क्षार काळ्यावर उठून दिसतात. त्यांवर ॲसिड ओतल्यास चुनखडीचा दगड कायमचा खराब होतो. म्हणून आंघोळीनंतर पाणी निपटून काढणे आणि कडाप्प्यावर अधूनमधून खोबरेल तेलाचा हात फिरवणे हाच उपाय उरतो. तेलाने दगडाचा विटलेला करडा रंग पुन्हा काळा होतो, मात्र ते पायाखालच्या फरशीला लावायचे नसते. कट्ट्याला आणि भिंतीलाच.