कुरणातली शाळा

शाळा म्हटली की डोळ्यांपुढे प्रथम चार भिंती उभ्या राहतात. पाखरू या भिंतींच्या आत येते ते तक्त्यावरचे चित्र होऊन, आणि बेडूक येतो तो बाटलीतल्या औषधात बुडून. तरी भिंतीबाहेर जाऊन शिकण्याचीही एक परंपरा आपल्या देशात आहे. तिच्यात साधने पुष्कळ बदलली, कसोटी मात्र एकच राहिली : साधन हाती आल्यावर मूल त्या झाडापाशी, त्या पाखरापाशी अधिक वेळ थांबते, की लवकर उठून जाते?

१९३० साली सलीम अली जर्मनीतून शिकून परतले, तेव्हा मुंबईच्या वस्तुसंग्रहालयातील त्यांची जागाच पैशाअभावी रद्द झाली होती. ते अलिबागजवळ किहीमला जाऊन राहिले. तिथे सुगरणींची वसाहत होती. आडोशाला बसून त्यांनी ती दिवसचे दिवस न्याहाळली. नाव सुगरण, पण विणकर असतो नर! तो खोपा अर्धामुर्धा विणून थांबतो. माद्या येतात, पारख करतात. एखादीने पसंत केला की तो उरलेले काम पुरे करतो आणि दुसऱ्या मादीसाठी नवा खोपा विणायला घेतो. ही हकीकत १९३१ साली प्रसिद्ध झाली. पाखराचे नाव गावातल्या पोरासोरांनाही ठाऊक होते. सलीम अलींचा प्रश्न त्या नावाच्या पुढे सुरू झाला.

एकटा अभ्यासक हे करू शकतो. पण शाळेचे काय? त्याचे उत्तर ताराबाई मोडकांनी दिले. १९४५ साली त्यांनी बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र काढले. अनुताई वाघ त्यांच्यासोबत होत्या. पुढे हे काम जवळच्या कोसबाडच्या टेकडीवर गेले. हा मुलूख तेव्हा ठाणे जिल्ह्यात होता; २०१४ पासून तो पालघर जिल्ह्यात आहे. वारल्यांची मुले शाळेत येईनात, कारण त्यांच्यामागे गुरे होती. तेव्हा शाळाच गुरांमागे गेली. हीच कुरणशाळा! माँटेसरीबाईंची साधने घोटीव आणि महागडी. इथे त्यांची जागा खड्यांनी, बियांनी, शिंपल्यांनी आणि पानांनी घेतली. पैसा वाचला हे खरेच. पण त्याहून मोठी गोष्ट घडली. ज्या पोरांना जगाने अडाणी ठरवले होते, त्यांच्या ओळखीच्या वस्तू विद्येच्या पंक्तीला बसल्या.

नोव्हेंबर १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पर्यावरण हा विषय शाळांतून सक्तीने शिकवण्याचा आदेश दिला. हेतू थोर होता. परंतु सक्तीमागोमाग पुस्तक आले, पुस्तकामागोमाग गुण आले, आणि बहुतेक ठिकाणी रान पुन्हा भिंतींच्या आत येऊन बसले.

ते बाहेर कसे न्यावे, याचा एक धडा केरळातल्या शाळांनी घातला आहे. २०१० साली सुरू झालेल्या 'सीझनवॉच' या उपक्रमात मूल एक झाड निवडते. दर आठवड्याला त्याच्यापाशी जाऊन कोवळी पालवी, कळी, फूल, फळ यांची नोंद करायची आणि ती संगणकाच्या जाळ्यावर चढवायची, एवढेच काम. एका मुलाची नोंद म्हणजे चिमूटभर माहिती. हजारोंची मिळून ऋतूंची वहीच तयार होते. तिकडे एप्रिलच्या मध्यावर येणाऱ्या विषूच्या सणाला बहाव्याची फुले हवीतच. बहावा आता सणाची वाट न पाहता आधीच फुलून जातो, ही वडीलधाऱ्यांची तक्रार. मुलांच्या नोंदींनी तिला पुराव्याचे बळ दिले. बदलत्या हवामानाचा पाठ यापेक्षा सोपा कोणता असेल?

आज खिशातला फोन पाखराचा आवाज ऐकून त्याचे नाव सांगतो. सोय मोठी आहे, तिला नाके मुरडण्याचे कारण नाही. पण नाव कळताच मूल पुढे चालू लागले, तर फोनने त्याचा प्रश्नच हिरावून घेतला असे होईल. फोन खिशात ठेवून ते खोप्याखाली उभे राहिले, आणि 'हा अर्धाच का विणला?' असे त्याने विचारले, तर मास्तरांनी घंटा जरा उशिरा द्यावी.