मिश्रण की संयुग? प्रूस्त आणि बर्थोले यांचा वाद

पितळ हे मिश्रण आणि पाणी हे संयुग, हे आज शाळकरी मूलही सांगते. १८०० च्या सुमारास मात्र याच सीमारेषेवरून युरोपातील दोन अव्वल रसायनशास्त्रज्ञांत अनेक वर्षे वाद चालला. त्याचे मूळ इजिप्तच्या वाळवंटात आहे. #थ्रेड

१७९८ साली नेपोलियनने इजिप्तवर स्वारी केली, तेव्हा सैन्याबरोबर विद्वानांचा ताफाही नेला. त्यात क्लोद लुई बर्थोले होते. कैरोच्या वायव्येकडील नाट्रॉन सरोवरांच्या काठी त्यांना सोड्याचे थर आढळले. प्रयोगशाळेत सोडा आणि कॅल्शियम क्लोराइड यांच्यापासून मीठ व चुनखडी मिळते. येथे तर मीठ आणि चुनखडी यांच्यापासूनच सोडा होत होता. नेमकी उलट क्रिया!

मिठाचा साठा विपुल, म्हणून क्रियेची दिशा फिरली, हे बर्थोले यांचे अनुमान अचूक होते. पण ते तेथे थांबले नाहीत. घटकांच्या उपलब्धतेनुसार संयुगाची घडणही बदलत असली पाहिजे, असा सिद्धान्त त्यांनी मांडला. दाखले होते मिश्रधातू, काच आणि द्रावणे यांचे.

स्पेनमध्ये कार्यरत असलेले फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ जोझेफ प्रूस्त यांना हे अमान्य होते. खाणीतले तांब्याचे कार्बोनेट आणि प्रयोगशाळेत केलेले कार्बोनेट यांची घडण एकच असते, हे त्यांनी १७९९ मध्ये दाखवले होते. कथिलाची ऑक्साइडे दोनच, असे त्यांचे म्हणणे. (आजच्या मापनानुसार एकात ऑक्सिजन सुमारे १२ टक्के, दुसऱ्यात २१ टक्के.) मधले प्रमाण आढळले, तर ते दोहोंचे मिश्रण समजावे.

येथे खरी अडचण होती. ‘ज्याचे प्रमाण बदलते ते मिश्रण’ असे आधीच ठरवले, तर नियम कधी मोडणारच कसा? ही केवळ व्याख्येची चलाखी ठरली असती. प्रूस्त यांची बाजू टिकली ती एकामागून एक केलेल्या चिकाटीच्या विश्लेषणांमुळे. वादाचा सूर मात्र अखेरपर्यंत सभ्य राहिला, हे आपल्या काळात नोंदवण्याजोगे.

१८०८ मध्ये डाल्टन यांचा ग्रंथ आला. अणू अखंड असतील, तर प्रमाणही ठरावीकच असणार! पारडे प्रूस्त यांच्याकडे झुकले.

तरीही विसाव्या शतकात कुर्नाकोव्ह या रशियन शास्त्रज्ञाने बदलत्या घडणीच्या संयुगांना ‘बर्थोलाइड’ हे नाव दिले. वुस्टाइट हे लोहाचे ऑक्साइड त्यांपैकीच. त्यात ऑक्सिजनच्या १०० अणूंमागे लोहाचे साधारण ९५ अणू असतात, आणि तो आकडाही स्थिर नसतो.