नाव घालणे

मुलाला शाळेत दाखल करणे ही कचेरीची भाषा झाली. मराठी घरात मुलाचे शाळेत नाव घालतात. त्याचप्रमाणे जमिनीच्या उताऱ्यावर नाव लागते, सावकाराच्या वहीत नाव चढते, आणि आईबापांबरोबर कामाला परगावी गेलेल्या पोराचे नाव हजेरीपटावरून कमी होते. नावाला जोडून येणारी ही क्रियापदे ज्याने लक्षपूर्वक ऐकली असतील, त्याला कर्जत आणि खालापूर या दोन तालुक्यांचा गेल्या शंभर वर्षांचा इतिहास अर्धाअधिक कळला असे म्हणावयास हरकत नाही. कारण या मुलखात माणसाचे नाव कोणत्या कागदावर आहे यावर त्याची पत, त्याची जमीन आणि त्याचे मत, तिन्ही अवलंबून राहिली आहेत, आणि ते नाव योग्य कागदावर यावे म्हणून ज्यांनी पायपीट केली ती मंडळी बहुधा सरकारच्या पगारावर नव्हती.

मुंबईहून पुण्यास जाणाऱ्या प्रवाशाला कर्जत ठाऊक असते ते घाट चढण्यापूर्वी गाडीला मागून इंजिने जोडतात तेवढ्या वेळापुरते, आणि खालापूर ठाऊक असते ते महडच्या वरदविनायकामुळे, किंवा अलीकडे द्रुतगती मार्गावरील टोलनाक्यामुळे. परंतु उल्हास, पेज आणि पाताळगंगा या नद्यांच्या खोऱ्यांत भातशेतीची जी गावे वसली आहेत, त्यांच्या पाठीमागे, डोंगराच्या उतारावर, ठाकूर आणि कातकरी यांच्या असंख्य वाड्या आहेत. गाव आणि वाडी हा भेद येथे केवळ अंतराचा नाही. गाव दफ्तरात असते. वाडी पुष्कळदा त्या गावाच्या पोटात, नुसती 'पैकी' म्हणून असते.

दफ्तराचा विषय निघाला आहे म्हणून हेही सांगितले पाहिजे की, हा मुलूख स्वतःच एका जिल्ह्याच्या पटावरून दुसऱ्याच्या पटावर गेलेला आहे. १८८२ साली निघालेल्या ठाणे जिल्ह्याच्या गॅझेटियरात कर्जत हा ठाण्याचा तालुका आहे व खालापूर त्याचा पेटा. पुढे १८९१ साली कर्जत कुलाब्यास जोडला गेला, आणि १ जानेवारी १९८१ पासून कुलाब्याचे नाव रायगड झाले. वाडीतल्या माणसाला या फेरफारांचे सोयरसुतक नव्हते. त्याला जाणवला तो १८७८ चा जंगल कायदा. ज्या कातावरून कातकरी हे नाव पडले, तो कात पाडण्यासाठी लागणारा खैर आणि ज्या उतारावर राब भाजून नाचणी-वरी पेरायची तो उतार, दोन्ही या कायद्याने सरकारजमा झाले. मग वनखात्याने मेहेरबानी म्हणून दळीचे, म्हणजे जंगलातल्या उतारावरच्या शेतीचे, तुकडे कसण्यास दिले. पण दळीचा व्यवहार पुष्कळदा एका म्होरक्याच्या नावे होई, आणि त्याच्या मागे कसणारी दहा-वीस कुटुंबे सरकारी कागदावर 'वगैरे' या एका शब्दात मावत. मराठी दफ्तराने जे शब्द फारसीतून घेतले, त्यांत इतक्या माणसांना गिळून बसलेला दुसरा शब्द मला तरी आठवत नाही.

अशा 'वगैरे' लोकांना मत असण्याचा प्रश्नच नव्हता. १९१९ च्या सुधारणांनंतर मुंबई कायदेकौन्सिलाच्या निवडणुका झाल्या, तेव्हा ग्रामीण मतदाराची कसोटी बहुतेक जिल्ह्यांत बत्तीस रुपये साऱ्याची होती. ज्या वरकस जमिनीचा सारा आण्यांत मोजला जाई, ती कसणाऱ्याने, आणि भातखाचर खंडाने वा अर्धेलीने करणाऱ्या कुळाने, बत्तीस रुपयांचा सारा कोठून भरावयाचा? सारा भरी खातेदार. तेव्हा मतही त्याचेच. १९३५ च्या कायद्याने ही अट बरीच सैल झाली आणि ब्रिटिश हिंदुस्थानात सुमारे तीन कोटी लोक मतदार झाले. तरीही मालमत्ता आणि शिक्षण ही दोन मापे कायमच राहिली. ज्याच्यापाशी जमीन नव्हती आणि ज्याने शाळा पाहिली नव्हती, त्याचे नाव बिनचूक सापडण्याचे एकच ठिकाण उरले होते, ते म्हणजे सावकाराची वही. तेथे सही लागत नसे, अंगठा पुरे.

हे चित्र पालटण्याचा पहिला संघटित प्रयत्न ज्याच्या नावाशी जोडला गेला आहे, तो विठ्ठल लक्ष्मण कोतवाल याच मातीतला. १ डिसेंबर १९१२ रोजी माथेरानला एका गरीब नाभिक कुटुंबात त्याचा जन्म झाला. माथेरान म्हणजे गोऱ्या साहेबांची आणि मुंबईच्या धनिकांची हवा खाण्याची जागा. त्यांचे ओझे वाहणारे, घोडे धरणारे आणि भाजी-लाकूडफाटा चढवणारे हात मात्र पायथ्याच्या वाड्यांतले. दोन्ही बाजू पाहत वाढलेला हा मुलगा पुण्यास शिकला, वकील झाला, आणि भाई कोतवाल या नावाने परत आपल्याच तालुक्यात आला. १९४१ च्या सुमारास माथेरानच्या नगरपालिकेत निवडून जाऊन तो तिचा उपाध्यक्षही झाला. ही नगरपालिका १९०५ सालची. नाभिकाच्या घरातील तरुणाने साहेबांच्या गिरिस्थानी त्या पदावर बसावे, यातच काळ बदलत असल्याची खूण होती.

परंतु कोतवालांचे खरे कार्य डोंगराखाली चालले होते. कर्जत तालुक्यातील खेड्यापाड्यांत त्यांनी सुमारे ४२ स्वयंसेवी शाळा उभ्या केल्या. सरकारी अनुदान नाही, इमारत नाही, आणि शिकवणारा बहुधा थोडेफार शिकलेला तरुण. आजच्या शिक्षणाधिकाऱ्याने कपाळाला हात लावावा असा हा खटाटोप होता. तरी बेचाळीस हा आकडा लहान नव्हे. ज्या पोराच्या बापाचे नाव वहीखेरीज कोठेच नव्हते, त्याचे नाव या शाळांनी पटावर घातले.

शाळेच्या जोडीने त्यांनी धान्यकोठ्या काढल्या, आणि माझ्या मते त्यांची खरी बुद्धिमत्ता येथे दिसते. ज्येष्ठात घरची कणगी तळाला लागते. पेरणी-लावणीचे दिवस तोंडावर, अंगमेहनत सर्वांत जास्त, आणि खायला सर्वांत कमी. तेव्हा सावकाराच्या पडवीत उभे राहून खावटीचे भात मोजून घ्यायचे आणि मार्गशीर्षात खळ्यावरच त्याचे दीडपट-दुप्पट मोजून द्यायचे, ही पिढ्यांपिढ्यांची रीत. खळ्यावर रास पडलेली असताना ज्याच्या घरी तिचा निम्मा भाग तरी जायचा असे कुटुंब विरळा. धान्यकोठीने एवढेच केले की, सुगीत प्रत्येकाने थोडे भात एका ठिकाणी ठेवावे आणि आषाढात त्यातूनच गरजवंताला द्यावे. व्यवहार साधा, पण त्याला एक वही लागे. आणि ती वही गावातल्याच कोणाला तरी लिहिता-वाचता यावी लागे. शाळा आणि कोठी ही दोन निराळी कामे नव्हतीच. उपाशी पोराला पाटी धरवत नाही, आणि अक्षर नसलेल्या बापाला कोठीचा हिशेब तपासता येत नाही, एवढे ज्याला कळले त्याने निवडणुकीची भाषणे न करताही मतदार घडवले.

पुढचा इतिहास महाराष्ट्रास ठाऊक आहे. खोपोलीचे टाटांचे वीजघर १९१५ साली सुरू झाले, भिवपुरीचे १९२२ साली. आणि या दोन्ही ठिकाणची वीज, पणतीच्या उजेडात जेवणाऱ्या वाड्यांच्या डोक्यावरून, मुंबईच्या गिरण्यांकडे जात असे. १९४२ च्या आंदोलनात भाई कोतवालांच्या आझाद दस्ता या भूमिगत तुकडीने त्या विजेच्या तारांचे मनोरेच खाली आणले. सरकारने त्यांना पकडून देण्यासाठी बक्षीस लावले. अखेर २ जानेवारी १९४३ रोजी पहाटे मुरबाड तालुक्यातील सिद्धगडाच्या रानात पोलिसांनी दस्त्याला गाठले, आणि भाई कोतवाल व त्यांचे साथीदार हिराजी पाटील हे तेथेच गोळीबारात पडले. कोतवालांचे वय तेव्हा अवघे तीस. दरवर्षी त्या दिवशी सिद्धगडावर लोक जमतात, आणि ते योग्यच आहे. तथापि मनोऱ्यांची आठवण जितकी राहिली तितकी शाळांची राहिली नाही, याची रुखरुख वाटते. मनोरा एका रात्रीत पाडता येतो. बेचाळीस ठिकाणी रोज सकाळी पोरे गोळा करणे हे काम अधिक अवघड, आणि मला वाटते, राज्यकर्त्यांना अधिक गैरसोयीचेही होते.

स्वातंत्र्य आले आणि एकवीस वर्षांवरील प्रत्येकाला मत मिळाले; साऱ्याची अट गेली, शिक्षणाची गेली, स्त्री-पुरुष भेद गेला. देशभर सुमारे १७ कोटी ३० लाख नावे यादीत घातली गेली. त्यात सुमारे २८ लाख स्त्रियांची नावे गाळावी लागली, कारण उत्तरेकडील पुष्कळ बायकांनी स्वतःचे नाव न सांगता अमक्याची बायको, तमक्याची मुलगी असेच सांगितले होते. आमच्याकडे अडचण उलट: बाई स्वतःचे नाव सांगेल, पण रकान्यात नवऱ्याचे नाव हवे म्हटले की पदर तोंडाशी जाई, आणि मग शेजारीण तरी पुढे होई किंवा उखाणा तरी! १९५२ च्या प्रारंभी कुलाब्यातून चिंतामणराव देशमुख लोकसभेवर निवडून गेले. त्या वेळी प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी असे आणि तिच्यावर त्याचे चिन्ह. वाचता न येणाऱ्याने चित्र पाहून कागद टाकायचा. वहीवर अंगठा देऊन शाई पुसणाऱ्या माणसाला न पुसणारी शाई प्रथमच लागली ती या पेट्यांपाशी.

परंतु कायद्यात एक बारीकशी अट होती, आणि ती या डोंगरांना नेमकी बोचणारी होती. १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या मूळ मजकुराप्रमाणे मतदाराने विहित कालावधीत निदान १८० दिवस त्या मतदारसंघात राहिलेले असावयास हवे होते. दिवाळीनंतर कुटुंबकबिला, कोंबड्या आणि गाडगीमडकी घेऊन वीटभट्टीवर किंवा कोळशाच्या भट्टीवर जाणारा आणि पाऊस तोंडावर आल्यावरच वाडीत परतणारा कातकरी १८० दिवसांचा हिशेब कसा देणार? ती अट पुढे गेली. काही काळ बाहेरगावी गेल्याने माणसाचे राहते ठिकाण बदलत नाही असे कायद्यानेच स्पष्ट केले. मात्र अर्हता दिनांक वर्षानुवर्षे १ जानेवारी हाच राहिला आणि याद्यांची फेरतपासणी त्याच्याच आगेमागे, म्हणजे वाड्यांच्या कुडाच्या घरांना काटेरी झाप लावलेले असतानाच्या दिवसांत होत राहिली. दाराशी आलेल्या कर्मचाऱ्याने 'स्थलांतरित' असा शेरा मारला, तर त्याला खोटे कसे म्हणावे?

मधल्या काळातील ग्रामपंचायती, जिल्हा परिषदा आणि १९७८ चे प्रौढशिक्षणाचे वर्ग यांविषयी फार लिहीत नाही. कंदील आले, काही ठिकाणी तेल संपल्यावर वर्गही संपले. १९८० च्या दशकात कशेळे येथील ॲकॅडमी ऑफ डेव्हलपमेंट सायन्स या संस्थेने वाड्यांतून पुन्हा धान्यबँका उभारल्या, ही गोष्ट मात्र नमूद केलीच पाहिजे. कोतवालांच्या कोठीनंतर चाळीस वर्षांनी त्याच तालुक्यात त्याच दुखण्यावर तेच औषध द्यावे लागले. शिवाय रायगड जिल्ह्यातील एकही गाव अनुसूचित क्षेत्रात नाही. शेजारच्या ठाणे जिल्ह्यातील आदिवासी गावांना 'पेसा' कायद्याने ग्रामसभेचे जे विशेष अधिकार मिळाले, ते कर्जत-खालापूरच्या वाड्यांना लागू नाहीत. येथे वाडीच्या हाती असलेले मुख्य हत्यार एकच, ते म्हणजे सर्वसाधारण यादीतले मत.

२००९ पासून कर्जत तालुका आणि खालापूर तालुक्याचा काही भाग मिळून कर्जत हा विधानसभेचा मतदारसंघ आहे आणि तो मावळ लोकसभा मतदारसंघात मोडतो. अशा वाड्यांतून नावे नोंदवण्यासाठी जे हिंडतात, ते शिक्षक, अंगणवाडीच्या सेविका, बचत गटातल्या बाया आणि महाविद्यालयातली पोरे. त्यांचे काम कोणी पाहिले आहे काय? नमुना सहावर जन्मतारीख हवी असते, आणि उत्तर येते ते 'मोठ्या पुराच्या साली'. मग पूर १९८९ चा की २००५ चा, थोरला भाऊ तेव्हा गुरे राखत होता की रांगत होता, असे विचारत विचारत वय ठरते. एका वाडीत एकाच नावाचे तीन वाघमारे निघतात, आणि त्यांतल्या एकाला दुबार समजून वगळलेले असते. हा इतिहास लिहिणाऱ्याच्या दृष्टीने क्षुल्लक तपशील. पण नाव यादीत घालणे म्हणजे प्रत्यक्षात हेच.

१९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडीवर डोंगर कोसळला. २७ मृतदेह हाती लागले आणि ५७ माणसे बेपत्ता राहिली. शोध थांबल्यावर त्या वाडीतल्या माणसांचा ठावठिकाणा सांगायला नावांच्या याद्याच काय त्या उरल्या.

२०२२ पासून कायद्याने १ जानेवारीच्या जोडीला १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर हेही अर्हता दिनांक ठरवले आहेत. जुलैत कातकरी घरी असतो. लावणीच्या चिखलात असतो, पण घरी असतो. तेव्हा कर्जत-खालापुरातील वाचकांपाशी एवढीच विनंती आहे की, प्रारूप यादी प्रसिद्ध होईल तेव्हा ती आपल्या नावापुरती पाहून खाली ठेवू नये. गावाच्या पलीकडे, ओढ्यापल्याड जी वाडी आहे, तिची नावे मोठ्याने वाचावीत, आणि भट्टीवर गेलेल्या शेजाऱ्याचे नाव ऐकू आले नाही तर त्याला मुदतीच्या आत दावा दाखल करावयास लावावे.