‘हॉलिडे इन’ (१९४२) : एक हलकाफुलका संगीतपट आणि त्याचे बदलते प्रेक्षक

प्रस्तावना

राजकीय दस्तऐवज, पत्रव्यवहार, वृत्तपत्रे ही इतिहासाची साधने म्हणून सहज मान्य होतात. केवळ करमणुकीसाठी निर्माण झालेला विनोदी संगीतपट मात्र साधन म्हणून क्वचितच विचारात घेतला जातो. ‘गंभीर’ चित्रपटातून समाज दिसतो आणि ‘हलक्याफुलक्या’ चित्रपटातून फक्त करमणूक होते, अशी एक सर्वसाधारण समजूत असते. वस्तुतः ज्या गोष्टी समाजाला इतक्या स्वाभाविक वाटतात की त्यांचे समर्थन करण्याचीही गरज भासत नाही, त्या गोष्टी विनोदात आणि नाचगाण्यात अधिक मोकळेपणाने उमटतात. पुढील पिढ्यांचे प्रेक्षक त्यांपैकी काय जपतात, काय विसरतात आणि काय नाकारतात, यातही इतिहास असतो.

प्रस्तुत लेखात पॅरामाउंट कंपनीच्या ‘हॉलिडे इन’ (१९४२) या संगीतपटाचा या दृष्टीने परामर्श घेतला आहे. या चित्रपटातील एक गीत जगभर पोहोचले, एक विनोद काळाच्या ओघात निरर्थक झाला आणि एक नृत्यगीत दूरचित्रवाणीच्या अनेक प्रक्षेपणांतून वगळले गेले. एकाच चित्रपटाच्या या तीन अंशांना आलेल्या तीन गतींचा विचार येथे अभिप्रेत आहे.

चित्रपटाची घडण

‘हॉलिडे इन’चे निर्माते व दिग्दर्शक मार्क सँड्रिच होते. प्रमुख भूमिका बिंग क्रॉस्बी, फ्रेड अॅस्टेअर, मार्जरी रेनॉल्ड्स आणि व्हर्जिनिया डेल यांच्या होत्या. गीते व संगीत अर्व्हिंग बर्लिन यांचे होते आणि चित्रपटाची मूळ कल्पनाही त्यांचीच होती. रशियन साम्राज्यात एका ज्यू कुटुंबात १८८८ साली जन्मलेले बर्लिन १८९३ मध्ये अमेरिकेत आले. त्या देशाच्या सणावारांची गीते या निर्वासिताच्या मुलाने लिहावीत, ही बाब लक्षणीय आहे.

कथानक अगदी साधे आहे. जिम हार्डी हा गायक न्यूयॉर्कच्या रंगमंचाला कंटाळून कनेक्टिकटमधील शेतावर राहावयास जातो. शेतीचे कष्ट त्याला झेपत नाहीत. मग तो त्या घराचे रूपांतर एका विश्रामगृहात करतो. हे विश्रामगृह वर्षातून फक्त १५ दिवस, म्हणजे सणांच्या आणि सुट्ट्यांच्या दिवशीच उघडे राहते. तेथे काम मागण्यासाठी आलेल्या लिंडावर जिमचे प्रेम बसते. परंतु जिमचा जुना जोडीदार टेड हा नर्तक तिला आपली नृत्यसहचरी करू पाहतो. दोघांच्या या चढाओढीत नववर्ष, लिंकन जयंती, वॉशिंग्टन जयंती, ईस्टर, स्वातंत्र्यदिन असे एकेक दिवस येतात आणि प्रत्येक दिवसासाठी एक नृत्यगीत सादर होते.

चित्रीकरण सुरू असतानाच ७ डिसेंबर १९४१ रोजी पर्ल हार्बरवर हल्ला झाला व अमेरिका दुसऱ्या महायुद्धात उतरली. ऑगस्ट १९४२ मध्ये चित्रपट प्रदर्शित झाला तेव्हा प्रेक्षक युद्धकाळात जगत होता. स्वातंत्र्यदिनाच्या प्रसंगात युद्धसाहित्याचे कारखाने, सैन्य, जनरल मॅकआर्थर आणि अध्यक्ष रूझवेल्ट यांची दृश्ये येतात. शांततेच्या काळात कल्पिलेला चित्रपट युद्धाच्या काळात पोहोचला, याचे हे पडद्यावरील सर्वांत स्पष्ट चिन्ह होय.

प्रेक्षकांनी जपलेले गीत

चित्रपटातील ‘बी केअरफुल, इट्स माय हार्ट’ हे गीत सर्वाधिक गाजेल अशी निर्मिती संस्थेची अपेक्षा होती. प्रेक्षकांनी मात्र ‘व्हाइट ख्रिसमस’ उचलून धरले. क्रॉस्बी यांनी हे गीत २५ डिसेंबर १९४१ रोजी, म्हणजे पर्ल हार्बरनंतर अवघ्या अठरा दिवसांनी, आपल्या रेडिओ कार्यक्रमात गायिले होते. २९ मे १९४२ रोजी त्याचे ध्वनिमुद्रण झाले. त्याच वर्षाच्या अखेरीस ते ‘बिलबोर्ड’च्या यादीत अग्रस्थानी पोहोचले. १९४२ सालच्या सर्वोत्कृष्ट चित्रपटगीताचा ऑस्कर पुरस्कारही त्याला मिळाला. मूळ ध्वनिमुद्रिकेचा साचा वारंवारच्या वापराने झिजल्यामुळे १९४७ मध्ये गीत पुन्हा ध्वनिमुद्रित करावे लागले. क्रॉस्बी यांच्या या ध्वनिमुद्रिकेच्या सुमारे ५ कोटी प्रती विकल्या गेल्या असाव्यात, असा अंदाज गिनेसच्या नोंदीत दिलेला आहे.

या गीतात युद्धाचा उल्लेख नाही. त्याचा युद्धाशी संबंध जोडला तो श्रोत्यांनी. घरापासून हजारो मैल दूर, कित्येकदा उष्ण कटिबंधातील बेटांवर, नाताळ काढणाऱ्या सैनिकांना बर्फाच्छादित नाताळाची आठवण हीच घराची आठवण वाटली. सैनिकांसाठी चालविल्या जाणाऱ्या रेडिओ केंद्रांकडे या गीताची सतत मागणी होत राहिली. मुद्रित गीताचा आरंभ कॅलिफोर्नियाच्या उन्हात नाताळ काढणाऱ्या माणसाच्या कुरबुरीने होतो. चित्रपटात हा आरंभ गाळलेला आहे. त्यामुळे मूळची थट्टेची छटा नाहीशी होऊन केवळ ओढ शिल्लक राहिली. पुढे एप्रिल १९७५ मध्ये सायगावमधून अमेरिकनांच्या अखेरच्या स्थलांतराचा रेडिओवरील संकेत म्हणून याच गीताचा वापर झाला. विश्रामगृहातील पियानोशेजारी एका तरुणीला ऐकविलेले गीत एका पराभूत युद्धाच्या शेवटाशी जोडले गेले. एखाद्या कृतीचा अर्थ निर्मात्याच्या हाती किती अल्प काळ राहतो, याचे हे ठळक उदाहरण आहे.

प्रेक्षक विसरलेला विनोद

थँक्सगिव्हिंगच्या प्रसंगापूर्वी चित्रपटात नोव्हेंबर महिन्याचे पान दिसते. त्यावरील टर्की पक्ष्याचे चित्र सजीव होऊन एका गुरुवारावरून दुसऱ्या गुरुवारावर धावते, परत येते आणि शेवटी गोंधळून थांबते. आजच्या प्रेक्षकाला ही केवळ एक गमतीदार चित्रकरामत वाटते. १९४२ च्या प्रेक्षकाला मात्र ती ताजी राजकीय कोपरखळी होती.

लिंकन यांच्या १८६३ च्या घोषणेनंतर हा सण नोव्हेंबरच्या शेवटच्या गुरुवारी पाळण्याचा प्रघात पडला होता. १९३९ साली त्या महिन्यात पाच गुरुवार आले. नाताळच्या खरेदीसाठी अधिक दिवस मिळावेत, अशी व्यापाऱ्यांची मागणी होती. ती मान्य करून रूझवेल्ट यांनी सण एक आठवडा अलीकडे आणला. काही राज्यांनी नवी तारीख स्वीकारली, तर काहींनी जुनीच पाळली. विरोधकांनी सणाला रूझवेल्ट यांच्या नावावरून उपहासाने ‘फ्रँक्सगिव्हिंग’ असे नाव दिले. हा गोंधळ १९४१ पर्यंत चालला आणि डिसेंबर १९४१ मधील कायद्याने चौथा गुरुवार निश्चित झाला. म्हणजे चित्रपट प्रदर्शित झाला तेव्हाच वाद मिटलेला होता. विनोद कळण्यास केवळ आठवण पुरेशी होती आणि ती आठवण एका पिढीबरोबर संपली. हा अंश कोणीही कापला नाही. तो पडद्यावर जसाच्या तसा आहे, फक्त त्याचा अर्थ पडद्यावर उरलेला नाही.

प्रेक्षकांनी नाकारलेले नृत्यगीत

तिसरा अंश अधिक गंभीर आहे. लिंकन जयंतीच्या दिवशी टेड लिंडाच्या शोधात विश्रामगृहात येणार असतो. नववर्षाच्या रात्री तो तिच्याबरोबर नाचलेला असतो, पण मद्याच्या अमलाखाली असल्याने तिचा चेहरा त्याला आठवत नाही. तो तिला ओळखू नये म्हणून जिम तिच्या चेहऱ्याला काळा रंग लावतो. तो स्वतःही तोच वेश घेतो, वादक आणि वाढपीही तसेच रंगलेले दिसतात आणि ‘अब्राहम’ हे गीत सादर होते. गुलामगिरी संपविणाऱ्या नेत्याचे स्तवन गोरे कलावंत काळ्या माणसांची हास्यास्पद नक्कल करून करतात.

ही पद्धत बर्लिन किंवा सँड्रिच यांनी निर्माण केलेली नव्हती. गोऱ्या नटांनी काळा रंग लावून कृष्णवर्णीयांची थट्टा करण्याचे ‘मिन्स्ट्रल’ खेळ १८३० च्या दशकापासून अमेरिकेत लोकप्रिय होते. अशाच एका सोंगाचे ‘जिम क्रो’ हे नाव पुढे वंशभेदी कायद्यांच्या संपूर्ण व्यवस्थेला चिकटले. मराठीत ‘तोंडाला काळे फासणे’ म्हणजे ज्याला काळे फासले त्याची नाचक्की करणे. मिन्स्ट्रल खेळात हा संबंध उलटा होतो. काळे फासून घेणारा एक असतो आणि अपमान दुसऱ्याच समाजाचा होतो. अपमान करणाऱ्याला टाळ्या मिळतात आणि खेळानंतर तो रंग धुऊन टाकू शकतो.

‘त्या काळी कोणालाच यात वावगे वाटत नव्हते’ असे समर्थन अनेकदा केले जाते. ते इतिहासाला धरून नाही. ‘पिट्सबर्ग कुरिअर’ या कृष्णवर्णीयांच्या वृत्तपत्राने फेब्रुवारी १९४२ मध्ये, परदेशात फॅसिझमवर आणि स्वदेशात वंशभेदावर, अशा ‘दुहेरी विजया’ची मोहीम सुरू केली होती. त्याच वर्षी कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या ‘एनएएसीपी’ या संघटनेचे वॉल्टर व्हाइट यांनी हॉलीवूडमध्ये जाऊन, कृष्णवर्णीयांना केवळ नोकर आणि विदूषक म्हणून दाखवू नये, असा आग्रह धरला. अमेरिकी सैन्यातील वंशविभागणी संपविण्याचा आदेश अध्यक्ष ट्रूमन यांनी काढला तो २६ जुलै १९४८ रोजी. म्हणजे १९४२ मध्ये स्वातंत्र्यगीतावर टाळ्या वाजविणाऱ्या देशात कृष्णवर्णीय सैनिक वेगळ्या तुकड्यांत लढत होते. ‘कोणालाच’ वावगे वाटत नव्हते असे म्हणताना या माणसांना प्रेक्षकांतून वगळले जाते.

स्वतः बर्लिन यांच्या कामातही या काळातील संक्रमण दिसते. ४ जुलै १९४२ रोजी रंगभूमीवर आलेल्या ‘धिस इज द आर्मी’ या सैनिकांच्या संगीतिकेत त्यांनी कृष्णवर्णीय सैनिकांना सामावून घेतले होते. पुढे १९५४ च्या ‘व्हाइट ख्रिसमस’ या चित्रपटात मिन्स्ट्रल खेळांची आठवण जागविणारे नृत्यगीत आहे, पण त्यात कोणीही चेहरा काळा केलेला नाही. त्याच चित्रपटात ‘अब्राहम’ची चालही आहे, परंतु शब्दांविना, केवळ नृत्याचे संगीत म्हणून. अवघ्या बारा वर्षांत चाल टिकली, शब्द आणि सोंग गळून पडले.

कापणे की दाखविणे?

दूरचित्रवाणीमुळे ‘हॉलिडे इन’ घराघरांत पोहोचला आणि नाताळच्या सुमारास तो पाहणे हा अनेक कुटुंबांचा परिपाठ झाला. १९८० च्या दशकापासून मात्र काही प्रक्षेपणांत ‘अब्राहम’ हे नृत्यगीत संपूर्णपणे वगळले जाऊ लागले. ‘टर्नर क्लासिक मूव्हीज’ या वाहिनीने ते कायम ठेवून चित्रपट दाखविला. २०१६ मध्ये ब्रॉडवेवर आलेल्या नाट्यरूपातही हा प्रसंग नव्हता.

वगळण्यामागील कारण समजण्यासारखे आहे. सणाच्या दिवशी मुलाबाळांसह चित्रपट पाहणाऱ्या कृष्णवर्णीय कुटुंबाने हा अपमान पुन्हा का सोसावा, या प्रश्नाला ‘अभिजात कलाकृती’ हे उत्तर पुरेसे नाही. तथापि कापण्याचे परिणामही पाहिले पाहिजेत. पहिला परिणाम कथानकावर होतो. लिंडाच्या चेहऱ्याला रंग लावत असतानाच जिम आपल्या मनातील विवाहाचा विषय काढतो. प्रसंग वगळला की नायक-नायिकेच्या संबंधातील महत्त्वाचा दुवा निखळतो.

दुसरा परिणाम अधिक विचार करावयास लावणारा आहे. याच गीताचा काही भाग स्वयंपाकघरातील मॅमी ही कृष्णवर्णीय स्त्री आपल्या दोन मुलांना जवळ घेऊन गाते. ही भूमिका लुईस बीव्हर्स या समर्थ अभिनेत्रीची आहे. बाहेर गोरे कलावंत काळ्या रंगात नाचत आहेत आणि आत स्वयंपाकघरात खरी कृष्णवर्णीय आई लिंकनचे गीत गात आहे. चित्रपटाला या विसंगतीची जाणीव नाही, पण प्रेक्षकाला ती होऊ शकते. प्रसंग कापला की गोऱ्या नटांचे सोंग जाते आणि त्याबरोबर बीव्हर्स यांचा गाण्याचा एकमेव प्रसंगही जातो. अपमान पुसण्याच्या प्रयत्नात अपमानित समाजातील कलावंतच पुसली जाते. उरलेला चित्रपट निरागस दिसतो. तो तसा कधीच नव्हता.

यातून मार्ग काढताना प्रक्षेपणाचा हेतू विचारात घ्यावा लागतो. उत्सवी करमणूक म्हणून चित्रपट दाखविणाऱ्याची जबाबदारी वेगळी आणि अभ्यासासाठी दाखविणाऱ्याची वेगळी. वर्गात जेव्हा असा चित्रपट साधन म्हणून वापरला जातो, तेव्हा तो संपूर्ण प्रतीतूनच दाखविला पाहिजे. त्यापूर्वी मिन्स्ट्रल परंपरेची आणि १९४२ मधील विरोधाची माहिती देणे आवश्यक आहे. दस्तऐवजातील नकोशी ओळ खोडून उरलेला दस्तऐवज अस्सल म्हणून विद्यार्थ्यांपुढे ठेवणे कोणताही इतिहासाचा अध्यापक मान्य करणार नाही. चित्रपटाला निराळा न्याय लावण्याचे कारण नाही.

समारोप

‘हॉलिडे इन’च्या अखेरीस लिंडा हॉलीवूडला जाते. तेथे त्याच विश्रामगृहाची हुबेहूब प्रतिकृती चित्रीकरणासाठी उभारलेली असते आणि त्या कृत्रिम घरात ती ‘व्हाइट ख्रिसमस’ गात असताना जिम येऊन तिला पुन्हा मिळवितो. ज्या घराची ओढ प्रेक्षकांना लागली ते घर चित्रपटगृहाच्या पडद्यासाठी बांधलेले होते, हे चित्रपट स्वतःच सांगतो. त्या घरात बैठकीची खोली होती तसे स्वयंपाकघरही होते. पियानोजवळचे गीत जगाने ऐकले. स्वयंपाकघरातील गीत आधी दुर्लक्षिले गेले आणि नंतर कापले गेले. या चित्रपटाच्या ग्रहणाचा इतिहास लिहिताना दोन्ही खोल्यांतील आवाज ऐकणे आवश्यक ठरते.