शीत प्लाझ्मा : जुन्या काचनळीची नवी ओळख

शीत प्लाझ्माने, म्हणजे विजेने भारित झालेल्या पण फारशा न तापलेल्या वायूने, जंतू मरतात, हे आज नव्या युगाचे तंत्र म्हणून सांगितले जाते. जर्मनीत २०१३ मध्ये जखमांवर वापरायच्या प्लाझ्मा उपकरणांना मान्यता मिळाली, तेव्हा तसे वाटणे स्वाभाविकच. पण त्याचे मूळ वेर्नर फॉन सीमेन्स यांनी १८५७ मध्ये वर्णिलेल्या साध्या उपकरणात आहे. एकात एक बसवलेल्या दोन काचनळ्या, आतल्या नळीला आतून आणि बाहेरच्या नळीला बाहेरून कथलाचा वर्ख, मधल्या फटीतून वाहणारी हवा. वर्खांना जास्त दाबाची वीज दिली, की फटीत विद्युत-विसर्ग होई. मध्ये काच असल्याने विजेची एकच जाळणारी ठिणगी पडत नसे, क्षणभर टिकणारे असंख्य बारीक विसर्ग होत. त्यांत इलेक्ट्रॉन प्रचंड ऊर्जा घेतात, हवेचे रेणू मात्र फारसे तापत नाहीत. हाच प्लाझ्माचा थंडपणा.

या विसर्गात हवेतील ऑक्सिजनपासून ओझोन वायू बनतो. नळीतून मिळणारा हा ओझोन पुढे पाण्याच्या कामी आला. रोगजंतूंचा सिद्धान्त रुजल्यावर १८९३ मध्ये नेदरलँड्समधील आउड्सहोर्न येथे आणि १९०६ मध्ये फ्रान्समधील नीस येथे ओझोनने पाणी शुद्ध होऊ लागले. यावर कोणी म्हणेल, ओझोन म्हणजे प्लाझ्मा नव्हे, तो त्यातून निघालेला वायू. हे खरेच आहे. पाण्यापर्यंत ओझोन पोहोचे. अणुरूप ऑक्सिजन आणि हायड्रॉक्सिलसारखे अल्पायुषी कण वाटेतच संपत. विसाव्या शतकाच्या अखेरीस मुनीर लारूसी यांच्यासारख्या संशोधकांनी साध्या वातावरणीय दाबाचा प्लाझ्मा थेट जंतूंवर आणला, तेव्हा हे कणही कामाला लागले. ते जंतूच्या पटलातील मेद आणि आतली प्रथिने, डीएनए यांची मोडतोड करतात. साचलेल्या विद्युतभारानेही पातळ पटल फाटू शकते. म्हणजे विसर्ग जुनाच, जंतू आणि विसर्ग यांतले अंतर मिटले ते नवे.

मग हे व्हायला इतकी वर्षे का लागली? क्लोरीन स्वस्त होता आणि नळातून घरापर्यंत पाण्याचे रक्षण करत राही; ओझोन लवकर विरून जातो. पुढे प्रतिजैविके आली आणि जखमेतल्या जंतूंसाठी दुसरा मार्ग शोधण्याची निकड उरली नाही. या दोन्ही निवडी त्या काळी योग्यच होत्या. प्लाझ्माचा प्रभाव आजही मुख्यतः पृष्ठभागापुरताच आहे, त्यामुळे शरीरात खोल गेलेल्या संसर्गावर प्रतिजैविकांना तो पर्याय नाही. पण औषधांना न जुमानणारे जंतू वाढत असताना, एकाच वेळी अनेक ठिकाणी घाव घालणारे हे साधन जखमेच्या पृष्ठभागावर तरी वापरलेच पाहिजे. मागे पडलेले प्रत्येक तंत्र चुकीचे नसते. त्याच्या वेळची गरज वेगळी होती, एवढेच.