मेंढीचा रोग, उंदराची साक्ष : स्क्रेपीच्या प्रभेद-अभ्यासाचा इतिहास

प्रास्ताविक :
स्क्रेपी हा मेंढ्या व शेळ्यांच्या मज्जासंस्थेचा प्राणघातक रोग होय. रोगी मेंढी कुंपणाला अंग घासत राहते, तिची लोकर झडते, तोल जातो व अखेर ती दगावते. युरोपात हा रोग अठराव्या शतकापासून ज्ञात आहे. भारतात हिमालयाच्या पायथ्याच्या दुर्गम भागातील मेंढ्यांत तो आढळल्याची नोंद झ्लॉटनिक व कटियार यांनी १९६१ साली प्रसिद्ध केली. या रोगाचे कारक एकच की अनेक, या प्रश्नाच्या शोधाचा आढावा प्रस्तुत लेखात घेतला आहे.

उंदरांवरील प्रयोग :
१९६१ मध्येच पॅटिसन व मिल्सन यांना प्रयोगातील शेळ्यांत खाजणारा व सुस्त असे दोन भिन्न लक्षणसमूह दिसले. त्याच वर्षी इंग्लंडमधील कॉम्प्टन येथे चँडलर यांनी स्क्रेपी उंदरांत संक्रमित केली. मेंढीपेक्षा उंदीर स्वस्त व अल्पायुषी. त्यामुळे संशोधनास गती आली. पुढे एडिंबरो येथे अ‍ॅलन डिकिन्सन व सहकाऱ्यांनी दोन कसोट्या निश्चित केल्या : संसर्गापासून लक्षणे दिसेपर्यंतचा अधिशयन काळ आणि मेंदूच्या कोणत्या भागात किती हानी झाली याचा आलेख. विशिष्ट वंशाच्या उंदरांत प्रत्येक प्रभेद आपली ठरावीक ओळख पुनःपुन्हा दाखवी.

जनुकाविना प्रभेद :
१९८२ मध्ये स्टॅन्ली प्रुसिनर यांनी रोगकारक प्रथिनाला 'प्रायॉन' हे नाव दिले. १९९७ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. मात्र जनुकीय द्रव्य नसलेल्या प्रथिनाचे प्रभेद कसे असू शकतात, हा आक्षेप उंदरांच्या प्रयोगांतूनच उभा राहिला. प्रथिनाच्या घडीतील भेद हे त्याचे आज सर्वसाधारणपणे स्वीकारलेले उत्तर होय.

पद्धतीची कसोटी :
१९८६ मध्ये ब्रिटनमध्ये गायींचा बीएसई रोग ओळखला गेला. १९९७ मध्ये मॉइरा ब्रूस व सहकाऱ्यांनी, माणसांतील नव्या प्रकारच्या क्रॉइट्झफेल्ट-याकोब रोगाचा कारक बीएसईचाच असल्याचे उंदरांद्वारे दाखविले. आता भीती अशी की, स्क्रेपीच्या आडून बीएसई मेंढ्यांतही शिरला असेल काय? १९९० च्या दशकारंभी जमविलेल्या मेंढ्यांच्या मेंदूंवर यासाठी प्रयोग चालू होता. ऑक्टोबर २००१ मध्ये मात्र, तपासलेले मेंदू मेंढ्यांचे नसून गायींचे असल्याचे डीएनए चाचणीतून उघड झाले. अनेक वर्षांचे श्रम व्यर्थ गेले. उलट २००२ मध्ये फ्रान्समध्ये कत्तल झालेल्या एका शेळीत बीएसई असल्यावर जानेवारी २००५ मध्ये शिक्कामोर्तब झाले. त्यासाठी उंदरांवरील प्रयोगांचाच आधार घेण्यात आला.

समारोप :
उंदराची साक्ष विश्वसनीय ठरली. परंतु ती साक्ष कोणत्या प्राण्याविषयी आहे, हे नमुन्याच्या नोंदीवरच अवलंबून असते. पशुपालकांची उपजीविका व ग्राहकांचे आरोग्य अशा निष्कर्षांवर विसंबून असल्याने, नमुना-नोंदीतील काटेकोरपणा हा प्रयोगाचाच अविभाज्य भाग मानला पाहिजे.