एका डावाचे कूळ

बुद्धिबळाचा डाव जिंकणाऱ्याचे नाव मागे राहते. त्या डावाचा पाया ज्याने घातला, त्याचे राहतेच असे नाही. बॉबी फिशरचा एक विख्यात डाव या दृष्टीने पाहण्याजोगा आहे.

१९५६ च्या जुलैत फिलाडेल्फिया येथे फिशरने अमेरिकेचे कुमार अजिंक्यपद मिळविले, तेव्हा तो अवघा तेरा वर्षांचा होता. या विजयामुळेच त्याला न्यूयॉर्कच्या रोझेनवाल्ड स्पर्धेचे निमंत्रण आले. तेथे १७ ऑक्टोबर रोजी डोनाल्ड बर्न या मुरब्बी खेळाडूशी तो काळ्या मोहऱ्यांनी खेळला. राजाच्या घोड्यापुढील प्यादे एक घर सारून त्याने उंट मोठ्या कर्णावर बसविला, किल्लेकोट केला आणि मगच वजिरापुढील प्याद्याने पटाच्या मध्यावर आघात केला. सतराव्या चालीला तर उंट मागे घेऊन त्याने आपला वजीरच देऊ केला. मोबदल्यात हत्ती, दोन उंट व एक प्यादे मिळविले आणि एकेचाळिसाव्या चालीला मात केली! हान्स क्मॉख यांनी त्यास शतकातील डाव म्हणून गौरविले.

या आरंभास ग्रुनफेल्ड बचाव म्हणतात. व्हिएन्नाच्या एर्न्स्ट ग्रुनफेल्ड यांनी १९२२ मध्ये तो प्रचारात आणला. परंतु मे १८५५ मध्येच कलकत्त्यात महेशचंद्र बॅनर्जी यांनी जॉन कॉक्रेन या स्कॉटिश बॅरिस्टराविरुद्ध हीच मांडणी योजिली होती. देशी बुद्धिबळात प्यादे पहिल्या चालीलाही एकच घर सरकते. त्या संथ खेळात मुरलेल्या माणसास, शत्रूला मध्य व्यापू द्यावा आणि कडेने त्यावर मारा करावा, ही नीती सहज सुचली असावी. युरोपास ती पटावयास पुढे सत्तर वर्षे लागली.

या कुळातील बचावांना आज जगभर ‘भारतीय’ म्हणतात. देशाचे नाव राहिले, माणसाचे मात्र थोड्यांनाच ठाऊक आहे. जे ठाऊक आहे, तेही त्यांच्या डावांच्या चाली कोणीतरी टिपून ठेवल्या म्हणून. आपल्याकडे वाड्यांच्या सोप्यांवर आणि देवळांच्या ओवऱ्यांत रंगलेल्या किती डावांना असा टिपणकार लाभला? प्रतिभा दुर्मीळ खरीच. परंतु तिची नोंद ठेवणारा हात त्याहून दुर्मीळ होय.